डेप्थ ऑफ फिल्डचं ॲप, एक लांब दांड्याची छत्री आणि तीन स्टार

सुरुवात लग्नापासून करतो कारण हे ॲप, म्हणजे फोटोत कुठून कुठपर्यंत शार्प येईल ते सांगणारं, डाऊनलोड करायची वेळ तिथूनच आली. मावसभावाचं लग्न, ठरवलेला फोटोग्राफर होताच, पण घरात कॅमेरा असलेला एक माणूस आहे म्हटल्यावर त्याला सुखाने जेवू कोण देतंय. "अरे तुझ्या कॅमेऱ्यात पण एक काढ ना" करत करत अख्खं खानदान तीन रांगांत स्टेजवर उभं केलं. पुढे पोरंटोरं खाली बसलेली, मधे खुर्च्यांवर आजी, मोठे काका, नवरा-नवरी, आणि मागे उभी बाकी सगळी जनता. माझ्याकडे निकॉनची डी५६०० आणि तेव्हा नुकतीच घेतलेली ५० एमएम एफ/१.८ (एफचा आकडा म्हणजे अॅपर्चर, लेन्सचं भोक; आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, उजेड जास्त आणि शार्प भाग कमी), आणि ही लेन्स नवीन घेतलेला माणूस पहिले सहा महिने १.८ सोडून दुसरा आकडा लावतच नाही हे ज्यांनी घेतलीये त्यांना सांगायला नको. त्यात हॉलमधे उजेड कमी. फोकस पडला पुढच्या पोरांवर. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एकदम झकास दिसला, मी पण मान डोलावून जेवायला गेलो.

घरी येऊन लॅपटॉपवर उघडला तर पोरांच्या नाकावरचा घाम मोजता येतोय आणि मागच्या रांगेत नुसती फेट्यांची रांगोळी. मामींनी व्हॉट्सॲपवर बोटांनी मोठा करून बघितला आणि फोनच केला, "अरे, माझा चष्मा बदलायला झालाय का तुझा कॅमेरा?"

त्या रात्री प्ले स्टोअरवर जाऊन डेप्थ ऑफ फिल्ड कॅल्क्युलेटर शोधला. डझनावारी आहेत. मी एक फुकटातलं घेतलं, नाव सांगत नाही कारण नावाने काही फरक पडत नाही, रंग आणि जाहिराती सोडल्या तर ही सगळी ॲप आतून एकाच आईची लेकरं आहेत, सगळ्यांचं गणित तेच. दीड वर्ष वापरतोय, म्हणून आता रिव्ह्यू लिहायचा हक्क आहे असं समजतो.

ॲपमधे करायचं काय, तर चार खाने भरायचे. कॅमेरा कुठला, फोकल लेंग्थ (लेन्सवरचा एमएमचा आकडा) किती, अॅपर्चर किती, आणि ज्याच्यावर फोकस करताय ते किती लांब. की लगेच खाली येतं, इथपासून इथपर्यंत शार्प, एकूण एवढं, आणि हायपरफोकल एवढं (ते काय ते पुढे सांगतो). पहिल्यांदा मी लग्नाचाच हिशोब घातला. पुढची पोरं साधारण ४ मीटरवर होती. ५० एमएम, एफ/१.८, ४ मीटर. उत्तर आलं ३.७९ ते ४.२४ मीटर. म्हणजे पोरांच्या मागे फक्त २४ सेंटीमीटर! एक वीत आणि वर दोन बोटं. मागची रांग सव्वापाच मीटरवर उभी होती, ती बिचारी कुठून येणार त्यात. मग एफ/५.६ केलं आणि फोकस पुढच्या रांगेवरून उचलून मधल्या खुर्च्यांवर, साडेचार मीटरवर ठेवला, तर ३.७५ ते ५.६ मीटर. पोरंही आत, मामीही आत. भोक लहान झालं म्हणून आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करायचा आकडा) ४०० चा ४००० करावा लागला असता, थोडे दाणे आले असते, पण दाणे आले म्हणून कुणी फोन करत नाही.

हे बघून मी जाम खुश झालो. खरं सांगतो, ज्याला अॅपर्चर म्हणजे काय हे पुस्तकात वाचून कळत नाही त्याने घरी सोफ्यावर बसून या ॲपमधे नुसते आकडे फिरवावेत. १.८ चं ४ कर, मग ८ कर, दोन मीटरचं चार मीटर कर, बघ काय होतं. ५० एमएमने दोन मीटरवरून माणसाचा फोटो काढला तर १.८ ला जेमतेम ११ सेंटीमीटर शार्प आणि ४ ला २५ सेंटीमीटर. ११ सेंटीमीटर म्हणजे नाक ते कान झालं, त्यात माणूस हसताना जरा मागे झुकला की गेला. अर्ध्या तासात जे डोक्यात बसतं ते दोन वर्षं क्लास लावून बसलं नव्हतं. या भागाला पाचपैकी पाच.

आता दुसरी बाजू. सप्टेंबरात आम्ही चौघे कासला गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवरचं पठार, २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला त्यात हे पण आहे, आणि पाऊस ओसरायला लागला की तेरडा, सोनकी, सीतेची आसवं असं काय काय फुलतं. तिथे वाटेवरूनच फोटो काढायचे, फुलांत पाय टाकायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो कारण दर वर्षी कुणीतरी लोळतंच. तर माझ्या डोक्यात फ्रेम होती, पुढे एक मीटरवर तेरड्याचा गुलाबी गालिचा आणि मागे पठाराची कड आणि त्यावर टेकलेले ढग, आणि सगळं पुढून मागपर्यंत शार्प पाहिजे. हे हायपरफोकलचंच काम. म्हणजे एक ठराविक अंतर असतं, तिथे फोकस केला की त्या अंतराच्या निम्म्यापासून ते पार क्षितिजापर्यंत सगळं शार्पमधे येतं. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत आलेली) १८ एमएमवर, एफ/८, ॲप काढलं, हायपरफोकल १.३७ मीटर. वा. आता १.३७ मीटर मोजायचं कसं? हातात आमच्या अण्णांची लांब दांड्याची काळी छत्री होती, ती ९० सेंटीमीटर आहे हे मला माहीत होतं (का माहीत होतं ते विचारू नका, मी असला माणूस आहे). दीड छत्री अंतरावर वाटेच्या कडेला एक दगड होता, त्याच्यावर फोकस केला, ऑटोफोकस बंद केला, ट्रायपॉडवर लावून बारा फोटो काढले. ढग बदलत होते, ऊन येत-जात होतं, मला वाटलं आयुष्यातला फोटो मिळाला.

१२ बाय १८ ची प्रिंट काढायला दिली तेव्हा कळलं. तेरडा खणखणीत. मागची कड गुळगुळीत, म्हणजे हलली नाहीये पण साबण लावून पुसल्यासारखी.

दोन दिवस मी लेन्सला शिव्या घातल्या. मग ॲप उघडून नीट बघितलं तर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कॅमेरा "फुल फ्रेम", म्हणजे मोठ्या सेन्सरचा. मी पहिल्या दिवशी माझा क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवाला कॅमेरा सिलेक्ट करून ठेवला होता, मधे कधीतरी ॲप अपडेट झालं आणि गुपचूप स्वतःच्या मर्जीवर परत गेलं. क्रॉपवर हाच हिशोब २.०४ मीटर येतो. मी १.३७ ला फोकस केल्यामुळे माझ्या कॅमेऱ्यापुरतं शार्प होतं ८० सेंटीमीटरपासून ४ मीटर आणि वर थोडं, तिथून पुढे क्षितिजापर्यंत सगळं साबण. ६७ सेंटीमीटरची चूक आणि अख्खा डोंगर हातचा गेला. तर ॲप वापरणाऱ्यांनो, फोकस करण्याआधी त्या कोपऱ्यात बघा, प्रत्येक वेळी बघा.

ह्याच्या उलटी चूक माझ्या मित्राने केली. त्याला कुणीतरी सांगितलेलं की क्रॉप सेन्सरवर १८ म्हणजे खरे २७, म्हणून त्याने कॅमेरा बरोबर निवडला आणि फोकल लेंग्थमधे २७ घातले. म्हणजे क्रॉपचा हिशोब दोनदा झाला. त्याला हायपरफोकल साडेचार मीटरच्या वर आलं आणि त्याची जवळची फुलं गेली. लेन्सवर जो आकडा छापलाय तोच घालायचा, दीडपट-बिडपट काही करायचं नाही, ते ॲप आतल्या आत करतं.

आता हा फुल फ्रेम आणि क्रॉपचा फरक येतो कुठून, त्यासाठी त्या एका भानगडीत शिरावं लागतं जिचं नावच सर्कल ऑफ कन्फ्युजन आहे. नाव ज्याने ठेवलं त्याला मानलं. बहुतेक ॲपमधे हा आकडा सेटिंगच्या तिसऱ्या पानावर लपवलेला असतो आणि खरं तर सगळा खेळ त्याचाच आहे. गोष्ट अशी की लेन्स एका वेळी एकाच अंतरावर खरा फोकस करते. त्याच्या पुढे-मागे प्रत्येक ठिपक्याचा हळूहळू गोळा होत जातो. कुठेही रेघ मारलेली नसते की इथवर शार्प आणि इथून ब्लर. मग रेघ मारायची कुठे, तर माणसाच्या डोळ्याला जोवर तो गोळा ठिपकाच वाटतोय तोवर शार्प म्हणायचं. त्यासाठी जुन्या लोकांनी धरलं की ८ बाय १० इंची प्रिंट आहे, माणूस ती हातात धरून २५ सेंटीमीटरवरून बघतोय, आणि तेवढ्यावरून ०.२ मिलिमीटरपर्यंतचा गोळा त्याला ठिपका वाटतो. आता फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद, तो दहा इंच करायला सात पट वाढवायचा, म्हणजे सेन्सरवर तो गोळा ०.०३ मिलिमीटरपेक्षा मोठा नको. माझा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर, तो जवळजवळ अकरा पट वाढवावा लागतो, म्हणून तिथे आकडा ०.०२ च्या आसपास. बस, हाच तो फरक ज्याने माझा डोंगर खाल्ला.

पण ह्याच्यातली मेख बघा. मी २५ सेंटीमीटरवरून ८ बाय १० ची प्रिंट कधी बघतो? मी बघतो लॅपटॉपवर, तेही शंभर टक्के झूम करून, नाक लावून. माझा सेन्सर ६००० बाय ४००० पिक्सलचा, एक पिक्सल ०.००४ मिलिमीटरपेक्षा जरा कमी. म्हणजे ॲप ज्याला शार्प म्हणतंय तो गोळा पाच पिक्सल रुंद आहे! पाच पिक्सलचा गोळा शंभर टक्क्यांवर कुणालाही ब्लरच दिसणार. म्हणून लोक ॲपला एक स्टार देऊन लिहितात की आकडे चुकीचे आहेत. आकडे बरोबर आहेत हो, तुम्ही बघताय चुकीच्या अंतरावरून. आणि उलट पण आहे, चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स दहा फुटी असतो पण आपण तो रस्त्याच्या पलीकडून बघतो, तिथे ह्याच्याहून कितीतरी ढिला फोकस चालून जातो. (भाऊंच्या चेहऱ्याकडे कोण फोकस बघायला जातंय म्हणा.)

मला हे नुसतं वाचून पटलं नाही म्हणून घरी प्रयोग केला. आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली कापडी टेप काढली आणि इस्त्रीच्या टेबलावर लांबीला टाचण्यांनी टोचून बसवली, ट्रायपॉड खाली करून कॅमेरा टेपच्या थोडासाच वर ठेवला, आणि ७५ हा आकडा कॅमेऱ्यापासून बरोबर दीड मीटरवर येईल असं टेबल सरकवलं. इथे एक बारीक गोष्ट, अंतर लेन्सच्या तोंडापासून मोजायचं नाही, सेन्सरपासून मोजायचं. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक छोटं चिन्ह असतं, गोल आणि त्याला कापत जाणारी रेघ, सेन्सर त्याच्या बरोबर खाली असतो. मी ते चिन्ह इतकी वर्षं डिझाईन समजत होतो. तर ५० एमएम, एफ/१.८, दीड मीटर, ७५ वर फोकस. ॲप म्हणतं एकूण ६.३ सेंटीमीटर, म्हणजे ७२ ते ७८.

लॅपटॉपवर शंभर टक्क्यांवर बघितलं. ७५ चा छाप असा की कापडाचे धागे दिसतायत. ७४ आणि ७६ ठीक. ७३ ला आकड्याच्या कडेला केस फुटल्यासारखे. ७२ म्हणजे ओळखू येतंय पण शार्प कुणी म्हणणार नाही. झालं फक्त अडीच सेंटीमीटर. मग हाच फोटो कोपऱ्यावरच्या स्टुडिओत देऊन ८ बाय १० ची प्रिंट काढली, स्टुडिओवाल्याने दोनदा विचारलं, "टेपचाच फोटो ना साहेब?" आणि ती प्रिंट हातात धरून बघितली तर खरंच ७२ ते ७८ व्यवस्थित, ७१ आणि ७९ ला गडबड सुरू. ॲप बरोबर निघालं! आई बाजूला उभी राहून बघत होती, तिचं म्हणणं एवढंच की टाचण्या मोजून परत ठेव.

तेव्हापासून मी ॲपच्या सेटिंगमधे जाऊन ०.०२ च्या जागी ०.०१ घातलेत. ज्या ॲपमधे हा आकडा बदलताच येत नाही ते सरळ अनइन्स्टॉल करा, माझा हा एक ठाम सल्ला. ०.०१ ठेवलं की हायपरफोकल दुप्पट लांब जातं, १८ एमएम एफ/८ ला २ मीटरच्या जागी ४ मीटर, जवळचं थोडं हातचं जातं पण लांबचा डोंगर शंभर टक्क्यांवर पण डोंगर दिसतो.

एक मंडळी अशीही आहेत जी म्हणतात हायपरफोकल सोडा, सरळ लांबच्या डोंगरालाच फोकस करा. कॅनडाचे हॅरॉल्ड मर्कलिंगर यांचा हा हिशोब आहे आणि ऐकायला वेडा वाटला तरी सोपा आहे, अनंतावर फोकस केला की लेन्सच्या भोकाच्या व्यासाएवढी मोठी वस्तू कुठल्याही अंतरावर ओळखू येते. १८ एमएमला एफ/८ म्हणजे भोक झालं सव्वादोन मिलिमीटर. तेरड्याची पाकळी त्याच्यापेक्षा मोठी, म्हणजे पाकळीचा आकार कळणार, तिच्यावरच्या शिरा नाही कळणार. नुसत्या डोंगरदऱ्यांच्या फोटोला मी आता हेच करतो. पुढे फूल असलं की नाही करत.

आता मॅक्रोवाल्यांनी (बारीक वस्तू अगदी जवळून टिपणाऱ्यांनी) लक्ष द्या कारण इथे ॲप चक्क खोटं बोलतं. खोटं म्हणजे, त्याच्या गणितात लेन्स ही एक पातळ काच आहे आणि तिची फोकल लेंग्थ कधी बदलत नाही. मित्राची १०० एमएमची मॅक्रो लावून मी कासलाच गवती दवबिंदूचा फोटो काढत होतो, ती कीटक खाणारी वनस्पती, पानावरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात. ही लेन्स ३० सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते आणि तिथे वस्तू सेन्सरवर जशीच्या तशी, एकास एक उमटते. ॲपमधे १०० एमएम, एफ/८, ३० सेंटीमीटर घातलं तर ते म्हणालं जवळजवळ २ मिलिमीटर शार्प. खरा आकडा एकास एकला ०.६४ मिलिमीटर आहे. तिप्पट फरक! कारण ॲपच्या पातळ काचेला ३० सेंटीमीटरवर वस्तू निम्मीच दिसते, त्याला काय माहीत की खरी मॅक्रो लेन्स जवळ जाताना आतल्या काचा सरकवून स्वतःची फोकल लेंग्थच कमी करते. मॅक्रोला अंतर नाही, मॅग्निफिकेशन (वस्तू सेन्सरवर किती पट उमटते ते) घालायचा खाना पाहिजे, तो ज्या ॲपमधे असेल तेच वापरा. नाहीतर माझ्यासारखं श्वास रोखून पुढे-मागे डुलत पंचवीस फोटो काढा, त्यातला एक लागतो.

आणखी एक गोष्ट जी बहुतेक ॲप सांगत नाहीत. एफ/२२ घातलं की ॲप खुशीत येऊन म्हणतं हायपरफोकल फक्त ७५ सेंटीमीटर, पाऊण हातापासून ते चंद्रापर्यंत सगळं शार्प, घ्या. पण भोक एवढं बारीक झालं की प्रकाश कडेला लागून पसरतो, डिफ्रॅक्शन, आणि प्रत्येक ठिपक्याची आपोआप टिकली होते. हिरव्या उजेडाला एफ/१६ वर ती टिकली ०.०२१ मिलिमीटर होते आणि एफ/२२ वर ०.०३ च्या जवळ. म्हणजे माझ्या सेन्सरची जी सगळ्यात ढिली मर्यादा, ०.०२, ती एफ/१६ लाच संपली. पुढे नुसतं सगळं सारखंच मऊ. मी एफ/११ च्या वर जात नाही, गेलो तर पश्चात्ताप होतो.

एक नियम तुम्ही पण ऐकला असेल, फोकस एक तृतीयांशात करा कारण शार्प भाग एक हिस्सा पुढे आणि दोन हिस्से मागे असतो. ॲपचा हा एक फायदा की असल्या ऐकीव गोष्टी दोन मिनिटांत तपासता येतात. लग्नाच्या फोटोत ४ मीटरला पुढे २१ आणि मागे २४ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ निम्मं-निम्मं. हायपरफोकलला मागे अनंत. एकास दोन हे फक्त एकाच जागी खरं असतं, हायपरफोकल अंतराच्या एक तृतीयांशावर. आमच्या क्लासमधल्या सरांनी तो एक तृतीयांशाचा नियम वहीत लिहून घ्यायला लावलं होतं, वही अजून आहे.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. पैसे देऊन घ्यायचं तर फोटोपिल्स, स्पेनच्या मिनोर्का बेटावरच्या लोकांनी केलंय, त्यात डीओएफ (डेप्थ ऑफ फिल्ड) आहेच आणि फोन समोर धरला की स्क्रीनवर कुठून कुठपर्यंत शार्प हे समोरच्या दृश्यावरच दाखवतं. भारी आहे, पण ते ॲप खरं सूर्य-चंद्र-आकाशगंगा कुठे उगवणार यासाठी घ्यायचं, नुसत्या डीओएफसाठी पैसे टाकू नका. कॉम्प्युटरवर बसून शिकायचं असेल तर केंब्रिज इन कलरचा कॅल्क्युलेटर, त्यात प्रिंट केवढी, किती लांबून बघणार, बघणाऱ्याची नजर कशी हे पण घालता येतं, म्हणजे वरचं सगळं पुराण तिथे खाने भरून कळतं. डीओएफ मास्टर जुनं, साधं, जे मागाल तेवढंच देणारं. फुजीफिल्मवाल्यांचं नशीब चांगलं, त्यांच्या बऱ्याच एक्स सिरीज कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरमधेच डीओएफची पट्टी दिसते, आणि ती पिक्सलच्या हिशोबाने पाहिजे का फिल्मच्या हे पण निवडता येतं. माझ्या टेपच्या प्रयोगाचं सार त्यांनी मेन्यूत दोन ऑप्शनमधे बसवलंय.

आणि सगळ्यात चांगलं ॲप कुठलं माहितीये का? काकांची जुनी निकॉनची मॅन्युअल लेन्स. तिच्यावर अॅपर्चरचे आकडे वेगवेगळ्या रंगांत आणि त्याच रंगांच्या रेघा अंतराच्या पट्टीपाशी. ११ चा आकडा ज्या रंगाचा त्याच रंगाच्या दोन रेघांमधे जे अंतर येईल ते शार्प, संपलं. बॅटरी नाही, जाहिरात नाही, अपडेट नाही. आपल्या आताच्या किट लेन्सवर अंतराची पट्टीच नाही, नुसतं गोल फिरत राहणारं रबर. त्यामुळे ॲपने २.०४ मीटर सांगून टाकलं तरी लेन्स त्या आकड्यावर लावायची कशी याचं उत्तर ॲपकडे नाही आणि लेन्सकडे पण नाही. या एका कारणासाठी मी एक स्टार कापतोय, ॲपची चूक नसली तरी. कुणाचा तरी कापायला पाहिजे.

माझं उत्तर म्हणजे अण्णांची छत्री. तिच्या दांड्यावर बायकोच्या नेलपॉलिशने दर दहा सेंटीमीटरला रेघ मारलीये, अण्णांना अजून माहीत नाही. २ मीटर म्हणजे दोन छत्र्या आणि एक वीत. तेवढ्यावर जे काही असेल, दगड, चप्पल, बसलेला मित्र, त्याच्यावर ऑटोफोकस करायचा आणि मग मॅन्युअलवर टाकून द्यायचं, रबराला हात लावायचा नाही. चूक करायचीच तर लांबच्या बाजूला करायची, दोनच्या ऐवजी अडीच मीटरला फोकस पडला तर पुढची अर्धी वीत जागा जाते, दीडला पडला तर मागचा डोंगर जातो, हे मी पैसे भरून शिकलोय. रात्री ताऱ्यांचे फोटो काढताना मात्र छत्री आणि ॲप दोन्ही बॅगेत, तिथे लाईव्ह व्ह्यूत (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर) एक ठळक तारा मोठा करून हाताने फोकस, कारण पाच पिक्सलचा तारा म्हणजे तारा नाही, साबुदाणा.

ॲप आता मी ट्रेकवर उघडतच नाही. घरी बसून माझ्या दोन लेन्सचे हिशोब काढले, सगळे ०.०१ ने. १८ ला एफ/८ असेल तर ४ मीटर, एफ/११ ला ३, ३५ ला एफ/८ म्हणजे १५. हे कागदावर लिहून लेन्सच्या टोपणाच्या आतून चिकटपट्टीने लावलंय. टोपण काढलं की समोर.

तर स्टार. शिकण्यासाठी पाच, फिल्डवर दोन, मॅक्रोला शून्य, सरासरी वगैरे काढायला मी बसत नाही, तीन देतो. एक स्टार ज्या दिवशी ॲप माझा कॅमेरा लक्षात ठेवेल त्या दिवशी वाढवेन. गेल्या आठवड्यात परत अपडेट आलं, उघडून कोपऱ्यात बघितलं, फुल फ्रेम.